खारट गिलावा

थळ, मंगळवार संध्याकाळ

जुन्या इमारतीला बाहेरून थर्माकोलचे बोर्ड लावून आज गिलावा केला. घरं आता तापणार नाहीत, असं मीच सगळ्यांना सांगितलंय.

तळमजल्यावरच्या चंद्रीमावशीनं ओल्या भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. जन्मभर मासळी खारवलेली बाई. म्हणाली, "मुकादम, खारट हाय रं."

"समुद्राचा वारा, मावशी," मी म्हटलं.

खोटं. गोड्या पाण्याचा टँकर आला नाही, म्हणून विहिरीच्या खाऱ्या पाण्यात गिलाव्याचा माल मीच कालवायला लावला. वर्षात पोपडे सुटतील. उद्या सांगू? सगळं खरवडावं लागेल. ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

निघताना मावशीनं तांब्या पुढे केला.

"पी. माझ्या घरातलं हाय, गोडं."