रजिस्टरात नसलेली बाळंतपणं

माय, मला तुझा राग आलाय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी? तू नर्स होतीस त्याच उपकेंद्रात परवा मी तपासणीला गेले होते. कोणत्या केंद्रावर खर्च किती आणि त्यातून लोकांना फायदा किती, हे मोजायची माझी नोकरी. फायदा कमी निघाला की केंद्र बंद. रजिस्टर उघडलं, तर वर्षभरात बाळंतपणं शून्य. मी समजायचं ते समजले.

मला अजून दिसतं: तांड्यावर कुणाला कळा लागल्या की तू निघतेस, नाला ओलांडतेस, बाईला तिच्याच घरात सोडवतेस. मग बाळ-बाळंतिणीला जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेतेस, आणि नोंद होते त्यांच्या रजिस्टरात. "तू काहून नाही लिहीत?" मी एकदा विचारलं. भाकरी थापता थापता म्हणालीस, "घरची डिलिव्हरी लिहिली तं साहेब मलेच झापते. लेकरू रडलं ना? मंग झालं." मी पुन्हा विचारलं तर पाठीत धपाटा घातलास.

न लिहून काय झालं, माय? काहीच बदललं नाही. आताची सिस्टरही तेच करते. "मॅडम, औंदा नऊ झाल्या माह्या हातानं," ती हळूच म्हणाली, "पण लिहू कशी?" बाहेर तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. "दवाखाना बंद करता म्हणते. पावसात नाला चढला तं आमच्या पोरीईनं कुठं जाव?" घरच्या बाळंतपणाला ज्यांनी गुन्हा ठरवलं, तेच आज विचारतात, इथं काम कुठं आहे? चोराच्या उलट्या बोंबा. आणि तुझा तो मुकाट भलेपणा, तो घाल चुलीत. तू एकदा जरी ठणकावून लिहिलं असतंस ना!

यवतमाळला येऊन मी अहवाल पुरा केला. न लिहिलेल्या बाळंतपणांना आमच्याकडे रकाना नाही, असं सिस्टरला सांगून आले होते, आणि ते खरंच आहे. पण शेवटच्या पानावर शेऱ्यासाठी जागा असते. तिथं त्या नऊ बायांबद्दल लिहिता आलं असतं. आईचं केंद्र म्हणून बाजू घेते, असं साहेब म्हणाले असते, फार तर झापलं असतं. तू समोर असतीस तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. मी ती जागा कोरी सोडली आणि खाली सही केली.