आईची गुलाबी गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आईची बीपीची गुलाबी गोळी नाशकात कुठेच मिळेना. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कंपनीची द्या, औषध तेच आहे. काल आईच्या गावी, कळवणला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरकडे पाकीट दिलं आणि निवांत झाले.

आत्ता भाजी चिरताना एकदम आठवलं. नवी गोळी पांढरी आहे. तिची शुगरचीही पांढरीच! आईला वाचता येत नाही, ती रंगावरून गोळ्या घेते. गुलाबी सकाळी, पांढरी रात्री. इतकं साधं मला सुचू नये?

लगेच फोन लावला.

"घाबरू नको गं, नव्या पाकिटाला कुंकू लावलंय."

हुश्श.

"पण एकालाच कसं लावायचं? जुन्या शुगरच्यालाबी लावलं."

"मग सकाळी कोणती घेतलीस, आई?"

"कुंकवाची."