सातवा घाणा

गुरुवार, ता. ९
दुपारचे तीन

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तुम्ही म्हणाल, वहिनीला काहीतरी हवंय. म्हणून नुसता नमस्कार. मावशींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, स्टुलावर चढून वरचे डबे काढणं आता बंद करा. तुम्ही त्यांच्याकडे राहायला गेल्यात तर निदान डबे तरी खाली आले असतील.

इकडे सगळे ठीक. तुमच्या दादांनी साबण सुकवायच्या मांडणीला पाचवा कप्पा ठोकला. तो पहिल्याच दिवशी एका बाजूला कलला. मी तोंडातून ब्र काढला नाही, पण ते स्वतःच तीनदा येऊन विचारून गेले, "सरळच आहे ना गं?" आईंचा खोकला बरा आहे. वड्या कापायला येते त्या आपल्या कापणीवालीला नात झाली. मी वजन विचारलं, तर म्हणाली, "अडीच किलो आणि वर थोडं." 'थोडं' म्हटल्याबरोबर तिने दचकून मागच्या पडवीकडे पाहिलं. पाच महिने झाले तुम्हाला जाऊन, तरी तुमचा धाक आहे तसा आहे.

धंद्याचं बरं चाललंय. म्हणजे बंद पडलेला नाही. महिन्याला दोन घाणे निघतात, कधी तीन. वीज दुपारची जातेच, मग तेल वितळवायला स्टोव्ह पेटवा आणि त्याचा धूर खात बसा. लेबलं छापणाऱ्याने या खेपेला 'शुद्ध'मधला 'द्ध' असा काही छापलाय की वाचणाऱ्याला आधी शिंक येते. तुम्ही असतात तर सगळा गठ्ठा त्याच्या डोक्यावर आपटून आला असतात. मी घेऊन आले आणि वर 'हरकत नाही' असंही म्हणाले. हे माझं 'हरकत नाही' एक दिवस मला बुडवणार आहे, असं तुम्ही म्हणायचात.

मागच्या बुधवारी टपालात एक लांबट पाकीट आलं. त्याबद्दल लिहायचंच आहे.

मला आधी वाटलं, परवान्याच्या ऑफिसातून आलं असेल. त्या ऑफिसचा पहिला दिवस आठवतो का? चार खिडक्या, प्रत्येक खिडकीवरचा माणूस पुढच्या खिडकीकडे बोट दाखवणारा. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "मालक कोण?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं, तुम्ही माझ्याकडे. साहेब म्हणाले, "बायांनो, आधी घरी जाऊन ठरवा, मग या." जिना उतरताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, मालक तुम्ही व्हा. मला फक्त तराजू द्या." अठरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई दुसरं काय मागणार! ती नोकरी तुम्ही माझ्या सांगण्यावरून सोडलीत, हे मी विसरलेले नाही. रोज संध्याकाळी चहा पुढे ठेवून मी तीन महिने तुमच्या मागे लागले होते.

आणि मग तुम्ही काय शाळा भरवलीत आमची! डोळ्यांवर तो मोठा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे. कॉस्टिक सोड्याचा डबा उघडला की आम्ही सगळ्यांनी दाराबाहेर. "अंदाजे हा शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही." आईंनी एकदा आमटीत अंदाजाने मीठ टाकलं, तर तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की त्या बिचाऱ्या चमचा शोधायला लागल्या. आम्ही पाठीमागे हसायचो. पण वन्सं, घाणा ओतताना माझा हात कधी थरथरला नाही तो तुमच्या जिवावर.

आता ते पाकीट. ते तुमच्या तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं आहे. प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तुम्ही अर्ज केलाय आणि आधीचं काम म्हणून आपल्या कारखान्याचं नाव दिलंय, असं त्यातून कळलं. सोबत छापील प्रश्नांचा एक कागद आहे. वागणूक कशी, वक्तशीर आहेत का, काम का सोडलं. त्यातला एक प्रश्न असा: 'वजन व माप यांत अचूक आहेत काय?' आणि खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'साबणाने हात भाजल्याचं एक प्रकरण कानावर आलं आहे. खुलासा व्हावा. त्याशिवाय नेमणुकीचा विचार करता येणार नाही.'

इतक्या लांब ते कसं पोचलं कोण जाणे. पाकीट मी लेबलांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं आणि पाच दिवस त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवला नाही.

वन्सं, तुम्ही त्या दिवशी बरोबर वजन केलं होतं. हे वाक्य मला पाच महिन्यांपूर्वी, चार माणसांत, मोठ्याने बोलायचं होतं.

सातवा घाणा प्रसूतिगृहाचा होता. मोठ्या सिस्टरनी पहिल्यांदाच आपल्याला एवढं मोठं काम दिलं होतं, आणि सहा आठवडे सुकवून ठरल्या तारखेला वड्या द्यायच्या म्हणजे घाणा त्याच दिवशी ओतायला हवा होता. सकाळी तेलवाल्याकडे गेले तर खोबरेल नाही. "चार दिवसांनी या," म्हणाला. पामतेल मात्र हवं तेवढं होतं. आपल्या घाण्यात सहा किलो खोबरेल आणि चार किलो पामतेल पडतं. मी दहाच्या दहा किलो पामतेल घेऊन आले आणि त्यातलं सहा किलो खोबरेलाच्या डब्यात ओतलं. मनात म्हटलं, साबणाला काय, तेलाशी मतलब. तुम्ही पडवीत कॉस्टिक मोजत होतात, भिंतीवर मापांचं कार्ड आहे त्याप्रमाणे, नेहमीसारखं. तेलाचं काम माझं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही घाणा थांबवला असतात, म्हणूनच सांगितलं नाही.

खोबरेलाला कॉस्टिक जास्त लागतं आणि पामतेलाला कमी, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. वहीत गणित करून दाखवलं होतं. मी मान डोलावली होती आणि मनात दुपारच्या भाजीचा विचार करत होते. म्हणजे तुम्ही मोजलेलं कॉस्टिक खोबरेलाच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं, आणि मी आणलेल्या तेलाला ते फार झालं. जे उरलं ते साबणात तसंच राहिलं.

एवढंच असतं तर अजाण चूक म्हणून मी कधीच सांगून मोकळी झाले असते. पुढचं लिहायला जिवावर येतंय.

सहा आठवड्यांनी वडी चाखायची, जिभेला चटका बसला नाही तर घाणा पास. हे काम आईंचं. त्यांनी स्वतःची खोली कारखान्याला दिली, पलंग मधल्या खोलीत हलवला, म्हणून तो मान आपणच त्यांना दिला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे पदर सावरून वडीला जीभ लावली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गार आहे. जाऊ दे." मग मी लावली. वन्सं, विजेची तार चाटल्यासारखा चटका बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यानंतर कापणीवालीने लावली, तिचाही चेहरा बदलला. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईंकडे. आई हसत होत्या. एवढ्या मोठ्या कामाचा साबण आपल्या शब्दावर चालला, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. मी म्हटलं, "हो, गारच आहे." कापणीवालीनेही मान हलवली. तुम्ही तेव्हा पडवीत पुढच्या घाण्याचं पाणी मोजत होतात. तुम्ही चाखायला येत नव्हतात, कारण "मोजलेलं चाखायचं कशाला?"

वड्या कागदात गुंडाळल्या आणि गेल्या. नशीब की मोठ्या सिस्टर तुमच्यासारख्याच. बाळांना लावण्याआधी त्यांनी आठवडाभर आयाबाईंना हात धुवायला दिला. दोघींचे हात लाल झाले, एकीची सालं निघाली. महिनाभर तिला पाण्यात हात घालता आला नाही. मी तिच्याकडे तीन वेळा जाऊन आले. ती मलाच बसायला चटई टाकते, आणि तिच्या हातांकडे माझ्याने बघवत नाही.

सिस्टर ती वडी घेऊन आल्या, तेव्हाच, त्यांनी तोंड उघडायच्या आधी, मला तेलाचा डबा आठवला. सगळं एकदम कळलं. आणि तरी मी म्हणाले, "वजनात काहीतरी गडबड झाली असेल." म्हणताना तुमच्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. म्हणालात, "मी परत मोजून दाखवते." कुणी तराजू पुढे केला नाही. संध्याकाळी तुमची पिशवी भरलेली होती. तुमचे दादा म्हणाले, "चुकतो माणूस, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्यावर तुम्ही जे हसलात, ते मला अजून रोज दिसतं.

तुम्हाला चोर म्हटलं असतं तर तुम्ही भांडला असतात. तुम्हाला वजनात चुकलेली म्हटलं, आणि तुम्ही उठून गेलात.

सोमवारी मी आईंजवळ बसले आणि सगळं सांगितलं. तेलाचं आधी, मग जिभेचं. वाटलं होतं, त्या कोसळतील. त्या बराच वेळ पलंगाची कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गेली दोन वर्षं मीठसुद्धा नीट कळत नाही गं."

मी म्हटलं, "मग साबण कसा चाखत होतात?"

"चाखत कुठे होते? तू माझ्या मागून लावायचीस ना जीभ. म्हटलं, काही कमी-जास्त असतं तर ही बोललीच असती."

मी त्यांचा मान राखून गप्प बसले, आणि त्या माझ्या भरवशावर. आम्हा दोघींना हसू फुटलं आणि मग एकदम थांबलं, कारण दोघींनाही एकाच वेळी तुम्ही आठवलात. आई म्हणाल्या, "म्हणजे माझी लेक उगाच गेली." त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी बोलल्या, त्या इतकंच, "लिहिलंस का?"

तुमच्या दादांनाही सांगितलं. ते उठून तो कललेला कप्पा काढून पुन्हा ठोकायला बसले. कापणीवालीसमोर आणि गुंडाळणाऱ्या दोघींसमोर मंगळवारी उभं राहून सांगितलं. प्रसूतिगृहात काल गेले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत, पण साबण आता मी दुसरीकडून घेते." ते बरोबरच आहे. चाखायचं काम आता गुंडाळणाऱ्यांतल्या धाकटीला दिलंय, ती पहिली चाखते आणि आम्ही सगळ्या नंतर. आईंनीच कापणीवालीकडून तसा निरोप पाठवला.

मुख्याध्यापिकाबाईंना उत्तर मी आज सकाळी टपालात टाकलं, हे पत्र लिहायला बसण्याआधी. म्हणजे तुम्ही मला माफ केलंत किंवा नाही केलंत, त्याचा त्या उत्तराशी संबंध राहू नये. तेल कुणी बदललं, चटका कुणाला बसला आणि कोण गप्प राहिलं, सगळं माझ्या नावानिशी लिहिलंय. काम का सोडलं, याच्यापुढे लिहिलंय: 'मालकिणीने त्यांच्यावर खोटा आळ आणला म्हणून.' नक्कल सोबत जोडली आहे.

खरं सांगू? लिहिताना तुमचं भलं होणार म्हणून आनंद होता, पण इतकं चांगलं लिहिलं तर ते तुम्हाला घेतीलच, आणि मग तुम्ही इकडे कधीच येणार नाही, हे दिसत होतं. मला तुम्ही इथे हव्या आहात. भिंतीवरचं कार्ड मला तोंडपाठ आहे, तरी मी प्रत्येक वजन तीनदा करते आणि तिन्ही वेळा घाबरते. पण हे तुमच्या निर्णयात धरू नका. शाळा चांगली आहे, पगार वेळेवर मिळेल, आणि तिथे कुणी तुमच्याकडे तसं बघणार नाही.

त्या छापील कागदावरचा शेवटचा प्रश्न होता, 'संधी मिळाल्यास आपण यांना पुन्हा कामावर ठेवाल काय?' पुढे 'होय / नाही' असं छापलेलं, नको ते खोडायचं. मी दोन्ही खोडलं. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'त्यांना कामावर ठेवण्याचा अधिकार मी गमावला आहे. त्यांनी मला ठेवलं, तर मी त्यांच्या हाताखाली काम करीन.'

तुम्ही अजून मानत असाल तर,

तुमची
वहिनी