पाच वर्तुळं उसवताना

४ मार्च
क्रीडा संघटनेचे चिटणीस माझ्या शिंप्याच्या दुकानात आले, काखेत जुना झेंडा. देशाच्या झेंड्याला शेजारच्या देशाची हरकत, म्हणून जागतिक स्पर्धेत आपले खेळाडू संघटनेच्या झेंड्याखाली चालतात. धडधाकटांच्या झेंड्यावर पाच वर्तुळं, अपंगांच्या झेंड्यावर तीन वाकडे फराटे – लाल, निळा, हिरवा. "नवा कशाला शिवता? वर्तुळं उसवा, फराटे लावा!" म्हणजे थोरल्याचे उतरलेले कपडे धाकट्याला.

घरी हिला सांगितलं. ही चाकाच्या खुर्चीवरून गोळा फेकते. वय त्रेचाळीस. पहिलीच निवड, आणि शेवटचीही. म्हणाली, "काठीला फडकं बांध. मी जाईन."

९ मार्च
उसवलं. दोरा गेला, सुयांची भोकं राहिली. उजेडात धरलं की पाचही वर्तुळं हजर! पाणी मारलं, इस्त्री फिरवली – छे.
चिटणीस म्हणाले, "लांबून कोण बघतंय?"
"जवळून बघणारे आहेत ना, खुर्चीतले!"
चिडून निघून गेले.

१० मार्च
अपंगांच्या स्पर्धा भरवणाऱ्या जागतिक कचेरीला थेट पत्र टाकलं, सोबत फोटो. एक वाक्य तर असं जमलं की स्वतःच दोनदा वाचलं – 'पाय नसलेल्यांना संघटनेने जुने जोडे दिले आहेत.' हिला दाखवलं नाही.

२६ मार्च
उत्तर आलं. फार सभ्य. तक्रार मान्य! संघटनेने झेंड्याचा नमुना मंजुरीला पाठवलाच नव्हता म्हणे, आणि मुदत फेब्रुवारीतच संपली. झेंडा नाही, तर पथक नाही. मी लिहिलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.
जिंकलो म्हणायचं.

२७ मार्च
चिटणिसांनी माझ्या पत्राची प्रत खेळाडूंना वाटली. सगळ्यांना. हिने ती जेवताना वाचली. त्या वाक्यापाशी थांबली. हसली – खरंच हसली. मग ताट सरकवलं.
मी म्हटलं, "जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या आठांना एकेकट्याने जाता येतं. बिनदेशाच्या झेंड्याखाली."
"मी नववी आहे."
माहीत होतं मला. तरी बोललो.

२ एप्रिल
ही अजून पहाटे पाचला उठते. मैदानाचे कपडे घालते, दंडाला पट्टी बांधते आणि खिडकीशी बसून राहते. चहा नेऊन दिला. "सवय आहे," म्हणाली, "जाईल."


५ एप्रिल
मेव्हणी गाडी घेऊन आली. ही तिच्याकडे राहायला गेली. किती दिवस, ते मी विचारलं नाही. दारात खुर्ची थांबवून म्हणाली, "पत्र नको लिहूस. फार छान लिहितोस तू."