दादा 'जाड'वर लागत नाही

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (आधीच वाकलेली आहे, टेबलाखाली एक बारीक स्क्रू गेला आहे, तेवढ्यात नमस्कारही उरकून घेते). आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे हवा बघून वागतात, ह्यांचं चष्म्याचं दुकान बरं चाललं आहे, आणि मी रोज लिफ्ट कंपनीत बसून अडकलेल्या लोकांचे फोन घेते. तुझा खोकला गेला का? वहिनीची पाठ कशी आहे? तू पाठवलेलं ते बोलकं यंत्र पोचलं. फार उत्तम यंत्र आहे. विशेषतः आतून.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मला, म्हणजे माझ्या मेसेजना, मुकं करून ठेवलं आहेस असं वहिनीकडून कळलं, म्हणून पोस्टाला शरण आले. मी रागावलेली नाही. मोडक्या प्रिंटरच्या पोटातून काय काय उपयोगी निघतं, हे सकाळी सकाळी वाचायची सगळ्यांचीच तयारी नसते (तरी सांगते, त्यातल्या पोलादी कांडीवर आमच्या स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीचा पडदा असा काही सरकतो की बघत राहावं). पण पाकिटाला मुकं करता येत नाही, ते दारात येऊन पडतंच. शिवाय मला आईला दिलेला शब्द मोडायचा आहे, आणि शब्द मोडायचा तर तो सावकाश, शाईने मोडावा अशा मताची मी आहे. मी हे तुला लिहिलं हे तिला कळता कामा नये.

आधी तुझ्या यंत्राबद्दल. आम्ही ते कौतुकाने आईसमोर मांडलं. आईने त्याची विचारपूस केली, कुठलं, कोणाचं, घरी कोण कोण. त्याने तिला उद्याचं हवामान सांगितलं. मग ती म्हणाली की बाबा रे, माझ्या मुलाला जरा फोन लाव. ते म्हणालं, माफ करा, मला समजलं नाही. आईने परत सांगितलं, हळू सांगितलं, मोठ्याने सांगितलं, शेवटी तुझं पाळण्यातलं नाव घेऊन सांगितलं. त्यावर त्याने एक गाणं लावलं. आईने त्याच्यावर धुतलेला नॅपकिन टाकला आणि म्हणाली, पाहुणा आहे, त्याला झोपू दे. त्यानंतर ते जे झोपलं ते मी उघडेपर्यंत. आता उघडायला गेले तर खाली एकही स्क्रू नाही, सगळं डिंकाने चिकटवलेलं! दादा, यावर माझं ठाम मत आहे आणि तू मुकं केल्यापासून ते कोणाला सांगता आलेलं नाही. जी वस्तू बनवणारा स्क्रूने बसवतो, तो घेणाऱ्याला म्हणतो, ये, बघ, तुझंच आहे. जो डिंकाने चिकटवतो तो म्हणतो, पैसे ठेव आणि लांब उभा राहा. मला असल्या वस्तूंचा राग येतो. (राग आला की मी गरम हवेचं केस वाळवायचं यंत्र घेते, डिंक मऊ पडतो. वहिनीला सांग, तिने दिवाणखान्यात ठेवलेल्या त्या महागड्या दिव्यालाही हे लागू पडेल.)

पण खरी गोष्ट आईची आहे. घरात वायरचा फोन होता तेव्हा आठवतं ना, ती तुझा नंबर न बघता फिरवायची? आकडे विचारले तर तिला सांगता यायचे नाहीत, बोटांना पाठ होते. मग ती लाइन गेली आणि काचेचे फोन आले. काचेला बोटातली किंचितशी वीज लागते, आणि आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या कोरड्या बोटांची ती वीज काचेपर्यंत पोचत नाही. हे साधं विज्ञान आहे, पण आईला ते विज्ञान वाटलंच नाही. तिला वाटलं, फोन आपल्याला मोजत नाही. तिने बोट दाबायचं, त्याने ढिम्म बसायचं. म्हणजे तुझ्याशी बोलायचं तर माझ्यापुढे येऊन जरा लावून देतेस का म्हणायचं. आता आपली आई! शेजारणीकडे कधी चिमूटभर मीठ मागायला गेली नाही, ती स्वतःचा मुलगा मागेल होय? रविवारी मी फोन धरते तेव्हा तुझं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा बघून ती बरं आहे, बरं आहे म्हणते आणि उठते. सगळ्यांदेखत बोलायचं ते काय बोलणं. तिला तुझ्याशी एकटीने, स्वतः लावून, हवं तेव्हा बोलायचं आहे. दुसरं काही नको आहे. एवढं जर मला बांधून देता येत नसेल, तर घरातली ही सगळी भंगाराची खोकी मी कशाला जपली, असं मला वाटायला लागलं (ह्यांना आधीपासून वाटत होतं).

तेवढ्यात, देव दयाळू आहे, आमचं वॉशिंग मशीन बिघडलं. दुरुस्तीवाल्याने हात जोडले आणि नवीन घ्या म्हणाला. नवीन घेतलं, पण जुन्याला मी दाराबाहेर जाऊ दिलं नाही. त्याच्या दाराची काच निघाली ती अशी खोल आणि जाड की तिच्यात आता भाजी धुवायला घेतो. आतल्या पिंपात लिंबाचं झाड लावलं, भोकं आधीच पाडलेली असल्याने पाणी साचत नाही. आणि राहिलं ते वरचं पॅनेल. त्यावरचं ते गोल बटण, कट्‌ कट्‌ करत फिरणारं! दादा, ते बटण आई इतकी वर्षं अंधारातही फिरवत आली आहे. त्याच्याभोवती मीच मागे मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, नाजूक, भिजवणे, रोजचे, जाड. मी ते हातात धरून बसले होते आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याला आपण कचरा म्हणतो ना, तो पुष्कळदा नुसता चुकीच्या नोकरीवर असतो.

मग काय, काच फुटलेला एक फोन होता, त्याची बुद्धी शाबूत होती, त्यात नवीन नंबरचं कार्ड घातलं. आवाजाला तुझ्या पाहुण्याचा स्पीकर घेतला (झोपलेलाच होता, त्याला कळलंही नाही). ह्यांच्या दुकानातले बारीक स्क्रूड्रायव्हर लागले, त्यामुळे आठवडाभर गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या काड्या सैल राहिल्या. सगळं जोडून, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर ते पॅनेल बसवलं आणि आईपुढे ठेवलं. बटण फिरवलं की फोन लागतो, बस्स. कोणाला कुठे बसवायचं ते तिनेच ठरवलं. मावशी 'नाजूक'वर, कारण तिला कशानेही लागतं. डॉक्टर 'भिजवणे'वर, कारण ते ताटकळत ठेवतात. मी 'रोजचे'वर. आणि तू 'जाड'वर. मनाला लावून घेऊ नकोस, यात तुझ्या पोटाचा संबंध नाही. जाड कपड्यांचं धुणं सगळ्यात जास्त वेळ चालतं, आणि तुझ्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलायचं आहे, असं तिचं गणित. बोलणं संपलं की मशीनसारखं पीं पीं वाजलं पाहिजे असाही हट्ट धरला, काम झाल्याचं कळायला हवं म्हणून. तेही करून दिलं.

पहिल्या दिवशी थोडा गोंधळ झाला, पण शास्त्रात तो धरायचा असतो. जुन्या बटणाला आपलं आपण पुढे सरकायची सवय असते हे मी विसरले. आई 'नाजूक'वर मावशीला रंगात येऊन सांगत होती की डॉक्टर कसल्या कडू गोळ्या देतो, मी तर कुंडीत पुरते, त्याला काय कळतंय. पहिलं अर्धं मावशीने ऐकलं. मग बटण कट्‌ करून 'भिजवणे'वर गेलं आणि उरलेलं अर्धं दवाखान्यात ऐकू आलं. डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांनी संध्याकाळी फोन करून गोळ्या बदलून दिल्या आणि कुंडीतल्या रोपाची चौकशी केली. मी सरकण्याची ती खोड काढून टाकली. तेव्हापासून आमच्या घरात नुसती धमाल आहे. आई दुपारी 'नाजूक' लावते, मावशीशी भांडते, पीं पीं वाजतं, परत लावते. मी कामावर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला धीर देत असते तर मध्येच 'रोजचे'वरून विचारणा येते की मीठ कुठे ठेवलंस. तिला मीठ नको असतं रे. तिला बटण फिरवायचं असतं. आमची आई पुन्हा स्वतः फोन करते, दादा! मला इतका आनंद झाला आहे की मी तो प्रिंटर टाकून द्यायलाही तयार होते (क्षणभर).

फक्त 'जाड' लागत नाही.

तुला आधी कळवायचं नाही, असा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता. एकदम आवाज ऐकून तू चकित व्हावंस हा तिचा बेत. रोज संध्याकाळी ती केस विंचरून, चष्मा पुसून (फोन करायला चष्मा!) डब्यासमोर बसते आणि 'जाड' लावते. एकदा वाजतं, अर्धं वाजतं, आणि तुटतं. मी डबा उघडला, तारांचे टाके नव्याने दिले. परत तेच. डबा खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, एकदा गच्चीवर नेऊन आईलाही वर नेलं. परत तेच. ह्यांनी सुचवलं की सरळ त्यालाच विचार ना. मी म्हटलं, शब्द दिला आहे, आणि ही काही शास्त्रीय पद्धत नव्हे. शेवटी 'जाड'ची तार माझ्या फोनवर फिरवून बघितली, तर खणखणीत लागला. म्हणजे डबा निर्दोष. आमच्या कंपनीत अडकलेला प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही, लिफ्टच बिघडली. निम्म्या वेळा त्याचंच दप्तर दारात अडकलेलं असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अनोळखी नंबर दिसला की कापायचा, ही तुझी सवय. रोज संध्याकाळी जो नंबर तू कापतोस, तो आईचा आहे.

हे मी तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू? मी सांगितलं की माझ्याच यंत्रात खोट आहे. दादा, चालत्या यंत्राला मी आयुष्यात पहिल्यांदा बिघडलेलं म्हटलं, तेही माझ्या हातच्या! आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, असू दे गं, नाही जमलं तर नाही जमलं, सगळ्यांना सगळं थोडंच येतं. मला! मी मान खाली घालून ऐकून घेतलं. यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते ओळख.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि घरात काही बिघडलं असेल तर फेकू नये, ही विनंती.

तुझी धाकटी

ता. क. नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आजच्या आज फोनमध्ये घालून ठेव. नाव काहीही दे, आई दे, जाड दे, पण कापू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते (डिंकाने, नाइलाज आहे), तेवढ्यात आतून आईची हाक आली. 'जाड' लागला! तू उचललास! मी धावत जाईपर्यंत पीं पीं वाजलंही होतं. तू म्हणालास ते तिने मला शब्दन्‌शब्द सांगितलं आणि आतापर्यंत मावशीला 'नाजूक'वर दोनदा सांगून झालं आहे. तू म्हणालास, "अहो, मला काही नको आहे. देवाच्या दयेने सगळं आहे माझ्याकडे. कशाला रोज रोज त्रास घेता?" आणि ठेवून दिलास. आनंदाने तिला शब्दच फुटला नाही. आता ती सगळ्यांना सांगत सुटली आहे, पोरगा समाधानी आहे, आईच्या त्रासाची काळजी करतो, आणि सुनेने काय वळण लावलं बघा, आईला अहो-जाहो करायला लागला. माझ्या यंत्रावरचा डागही धुऊन निघाला, तुझे उपकार.

मात्र तिचं बोलायचं राहून गेलं, म्हणून उद्यापासून ती परत रोज लावणार आहे. दादा, उचल. आणि ती जे काही देऊ करील, कर्ज, कार्ड, विमा, ते मुकाट्याने घे.