नऊ मिलिमीटरची म्हातारी

३ नोव्हेंबर १९९१
सापडला! दिनानाथ सरांनी पीएच.डी.साठी दिलेल्या दगडांत एक अख्खा मासा! आजवर नुसते खवले नि दात मिळायचे. लांबी नऊ मिलिमीटर. डोकं, कणा, शेपटी, सगळं जागच्या जागी. कोट्यवधी वर्षं असाच आडवा पडून! अविनाशच्या हातात भिंग दिलं. म्हणाला, "मला वाटलं, दगडाला जिरं चिकटलंय." नवरा आहे की शत्रू!

८ नोव्हेंबर
मी कळवलं होतं, त्यावर पुण्याहून सरांचं कार्ड. "एवढासा म्हणजे पिल्लूच. पिल्लावरून नवी जात ठरवता येत नाही. वेळ घालवू नकोस." सहा वर्षं कॉलेज सांभाळून दगड फोडतेय. पहिला अख्खा मासा—आणि तो पिल्लू! त्या नादात भेंडी करपली.

१० नोव्हेंबर, रविवार
ठमाबाई उरणहून मासळी घेऊन आली. दगड पायरीवरच होता. "काय बगतंस बाय?" सांगितलं. तिनं टोपली उतरवली, भिंग पार नाकाला लावलं.
"पिल्लू कोन म्हनतो? पिल्लाचं डोकं मोटं, डोले त्याहून मोटे. काटा मऊ. ह्याचा बग, कसा टनक! मांदेली बारीक ऱ्हाते, म्हनून काय ती पिल्लू हाय? म्हातारी हाय ही!"
"पण आमचे सर म्हणतात—"
"सराला बाजारात धाड."

१२ नोव्हेंबर
कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली मणके मोजले. तेवीस... चोवीस... शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून! चोवीसच. सगळे पक्क्या हाडाचे. परांचे काटेही पुरे झालेले. डोळ्याची खोबण लहान. पिल्लात हे सगळं कच्चं असतं. म्हणजे पूर्ण वाढलेला मासा—नखावर मावेल एवढा! एकटीच हसत सुटले. शिपाई दारातून डोकावून गेला.

१३ नोव्हेंबर
सरांना आकृत्या, मापं पाठवली. खाली लिहिलं: 'सल्ला—ठमाबाई, मासळीवाली, उरण.' पाकीट पेटीत टाकलं. आगाऊपणा तर नाही ना झाला?

२५ नोव्हेंबर
सरांचं पत्र. "तुम्हा दोघींचं बरोबर. चूक माझी. असली 'पिल्लं' मी तीस वर्षं बाजूला काढत आलो. ते सगळे दगड घराच्या कुंपणाच्या भिंतीत बसवलेत. गवंड्याला बोलावलंय, भिंत पाडतोय. लगेच निघ. ठमाबाईंनाही आण."