वरच्या फळीवरचे सहा डबे

प्रिय मुंगे,

हे पत्र मी तुझ्या आईपासून लपवून लिहितोय असं समजू नकोस. ती समोरच बसली आहे, शेंगा सोलतेय. "लिहूच नका," असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं, आता गप्प आहे. ती गप्प बसली की घराचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. घड्याळसुद्धा जपून टिकटिक करतं.

तू माझ्या तब्येतीची चौकशी केलीस. तब्येत बरी आहे. कारखाना अजून बंदच आहे, त्यामुळे मी दिवसभर घरात. मोरीच्या दाराची कडी बसवली, खिडकीचा करकरणारा पल्ला सरळ केला, आणि आता दुरुस्त करायला काही उरलं नाही म्हणून आईच्या पायात पायात येतो. काल तिनं मला चहाच्या कपासकट स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. झोप मात्र नीट लागत नाही. जेवणाचंही तसंच आहे. ताट समोर आलं की पहिल्या घासाशीच घोडं अडतं.

जेवणावरून आठवलं. मला आयुष्यात एकच पदार्थ आला, हे तू चारचौघांत सांगत फिरायचीस. तू सहा वर्षांची होतीस. आजीच्या ऑपरेशनसाठी आई माहेरी गेली होती आणि घरात आपण दोघंच. पहिल्या दिवशी मी भात लावला, तो असा झाला की त्यानं भिंतीतली वीट बसवता आली असती. तू ताट लांब सरकवलंस आणि "आई कधी येणार?" एवढंच विचारत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आणलेला बीन्सचा डबा फोडला, पातेलीत गरम केला, पाव तव्यावर भाजले. एक बाजू करपली, ती सुरीनं खरवडली. वर बीन्स ओतले. तू मधला मऊ भाग खाल्लास, कडा माझ्या ताटलीत टाकल्यास आणि बसल्या जागी झोपलीस. त्यानंतर तुला गोवर आला तेव्हा तेच, गणितात नापास झालीस तेव्हा तेच, मैत्रिणीशी भांडून रडत आलीस तेव्हाही तेच. आई म्हणायची, एवढा चांगला स्वयंपाक करते मी, पण पोरीला दुःख झालं की डबाच लागतो. आणि तू शाळेत सांगायचीस, "डब्यातले बीन्स माझे बाबा शिजवतात." सगळ्या देशाचे बीन्स जणू मी एकटाच शिजवत होतो.

तसं ते फार खोटं नव्हतं. आमच्या त्या यंत्राला आम्ही कुकरच म्हणतो. घरातल्यासारखाच, फक्त आडवा, आणि आत माणूस उभा राहील एवढा. झाकण लावलेले डबे त्यात जातात, वाफ सोडली जाते आणि एकशे एकवीस अंशांवर ठरलेला वेळ ठेवली जाते. तेवढी उष्णता मिळाली नाही तर डब्यात एक जंतू जिवंत राहू शकतो आणि बंद डब्यात विष तयार करतो. त्या विषाला वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. कुकरवर दोन गोष्टी असतात. एक गोल कागद, त्यावर पेन आपोआप रेघ ओढतं. आणि शेजारी एक साधा तापमापक, जो माणसानं डोळ्यांनी वाचायचा. दोन्ही जुळले तरच कागदावर माझी सही. एकवीस वर्षं मी ती सही करत आलो.

तुला माहीत नसलेली गोष्ट इथून सुरू होते. त्या महिन्यात मी दोनदा काम थांबवलं होतं. एकदा वाफेचा आवाज बदलला म्हणून आणि एकदा तापमापक मला धूसर दिसला म्हणून. दोन्ही वेळा काही निघालं नाही. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मला 'ब्रेकमास्तर' म्हणू लागले. मी आत आलो की कुणीतरी ब्रेक लागल्याचा आवाज काढायचं आणि सगळं टेबल हसायचं. मीही हसायचो. त्या हसण्याचं मला इतकं लागलं असेल, हे मला स्वतःला तेव्हा कळलं नव्हतं.

मग तो गुरुवार. दुपारी पेन एकशे एकवीसवर सरळ चाललं होतं आणि तापमापक एकशे बारा दाखवत होता. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचला. एकशे बाराच. शिफ्टच्या साहेबांना बोलावलं. ते आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, पुन्हा ब्रेक?" मी म्हटलं, "नऊ अंशांचा फरक आहे साहेब." ते म्हणाले, "तापमापक जुना झालाय, तुमच्यासारखाच. कागद काय म्हणतो? एकशे एकवीस ना? मग करा सही आणि पुढचा माल घ्या." मागे दोघंतिघं उभे होते. त्यातल्या एकानं तोंडानं तो आवाज काढला, ब्रेकचा. आणि मुंगे, मी सही केली. धमकी नव्हती, जबरदस्ती नव्हती. चार माणसं हसली म्हणून साडेअकरा हजार डब्यांवर मी सही केली.

तयार माल आठवडाभर गोदामात राहतो. म्हणजे मला रोज तोंड उघडता आलं असतं. रोज सकाळी ठरवायचो की आज बोलू, आणि रोज दुपारी वाटायचं, आता इतक्या उशिरा बोललो तर पहिलं हेच विचारतील की सही का केली. एक खोटं अंगावर घेतलं की त्याच्यासाठी दुसरं पोसावं लागतं. पुढच्या आठवड्याच्या शनिवारी माल गाड्यांत भरला गेला. मी दारात उभा राहून बघितला.

त्याच शनिवारी आम्हाला पोचे पडलेले डबे वाटले. माझ्या वाट्याला सहा आले, त्याच मालातले. डब्यांच्या बुडावरचा मालाचा आकडा मी वाचला होता. ते मी घरी आणले, पिशवीत घालून वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे ठेवले आणि आईला म्हटलं, याला हात लावू नकोस. का, ते सांगितलं नाही. सोमवारी कामावरून आल्यावर कुठेतरी लांब टाकून यायचे असा बेत होता. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, बाळा. मी ते डबे माझ्या घरात कुणाला खाऊ देणार नव्हतो. लोकांच्या घरी मात्र ते गाडीत बसून गेले होते.

सोमवारी तीन वाजता मी कामावरून आलो. फळीवर पिशवी नव्हती. आईला विचारलं तर ती हसली. "अहो, तिची परीक्षा सुरू झाली ना! तुम्ही लपवून ठेवलेत म्हणजे तिच्यासाठीच असणार, मला का कळत नाही? काल सकाळच्या बसनं खोकं पाठवलंसुद्धा." तुला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तुझा पेपर पाच वाजता सुटणार होता, आणि पेपर सुटला की तू काय खातेस हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच वेळी माझ्या हाताशी तपासणी खात्याचा नंबरही होता, मुंगे. कुकरच्या खोलीत भिंतीवर लावलेला असतो, मला पाठ आहे. तो मी फिरवला नाही. मी स्टँडवर धावलो. अडीच तासांच्या बसमध्ये मी तुला सत्तावीस वेळा फोन लावला आणि त्यांना एकदाही नाही.

पुढचं तू तुझ्या बाजूनं पाहिलंयस. तू दार उघडलंस, एका हातात उलथनं. "बाबा! तुम्ही इथे?" मी तुला बाजूला सारून आत घुसलो, गॅसवरची पातेली उचलली आणि पावासकट बाहेरच्या कचऱ्यात उपडी केली. तुझी खोलीतली मैत्रीण घाबरून पलंगावर चढली. मी तुझे खांदे धरून ओरडत होतो, "खाल्लंस का? किती खाल्लंस?" तू म्हणालीस, "अजून चमचासुद्धा लावला नाही, झालंय काय?" तेव्हा मी खाली बसलो. आणि म्हणालो, "तो माल खराब निघालाय. आत्ताच कळलं." मग तुझ्यासमोर, तुझ्याच फोनवरून तपासणी खात्याला कळवलं. तू माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस.

पुढच्या तीन दिवसांत जवळजवळ सगळे डबे परत आले. पेपरवाल्यांना तू जे सांगितलंस ते छापून आलं: मुलीला वाचवायला निघालेल्या बापानं हजारोंना वाचवलं. गल्लीत लोक थांबवून हात मिळवायला लागले. ब्रेकचा आवाज काढणारा घरी येऊन रडून गेला.

जवळजवळ सगळे, असं लिहिलं मी. एक बाई शाळेची बस चालवते. तिनं त्यातला एक डबा रविवारी संध्याकाळी खाल्ला होता. दिवसभर कपडे धुऊन दमली होती, म्हणून पावावर ओतून तसाच, धड गरमही न करता. मंगळवारी तिला एकाचे दोन दिसू लागले, मग जीभ जड झाली, मग श्वास. आता पाच आठवडे झाले, नळीनं जेवते आहे. डॉक्टर म्हणतात वाचेल, पण बसच्या चाकामागे परत बसेल की नाही ते सांगता येत नाही. तिचा नवरा शिंपी आहे. मी तिला बघायला गेलो, गुपचूप, नाव न सांगता. त्यानं मला पेपरातल्या फोटोवरून ओळखलं. उठून उभा राहिला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "हिच्या नशिबात होतं ते चुकलं नाही. पण तुम्ही होतात म्हणून बाकीच्यांची घरं वाचली. तुमचे उपकार आहेत." त्याच्या बोटांना सुयांचे घट्टे होते. काचेपलीकडे ती माझ्याकडे बघत होती. तिला पापण्या पुरत्या उघडता येत नाहीत, तरी बघत होती.

सोमवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे माझा जबाब आहे. साहेबांनी त्यांच्या जबाबात सांगितलंय की मला कुणीही काहीही बोललं नव्हतं. वकील म्हणतात, "तुम्हीही म्हणा, फरक त्या सोमवारी लक्षात आला. तापमापक जुना होता, कागद बरोबर होता. तुम्ही साक्षीदार राहाल. गुरुवार म्हणालात तर आरोपी व्हाल." फळीवरच्या डब्यांचं फक्त आईला आणि मला माहीत आहे. आईचं म्हणणं सरळ आहे: आता बोलून त्या बाईचा घास तिच्या तोंडात परत जाणार आहे का? मला फक्त एवढं कळतं की यंत्र बदलतील, तापमापक बदलतील आणि सही करणारा माणूस तसाच राहील. उद्या दुसऱ्या कुणाला हसतील आणि तोही सही करेल.

आणि तुझं कालचं पत्र. तू लिहिलंयस, सोमवारी सुट्टी घेऊन येते, अगदी पहिल्या रांगेत बसते, म्हणजे माझ्याकडे बघून तुम्हाला बोलायला धीर येईल. त्यासाठीच हे सगळं आज लिहिलं. तुझ्या चेहऱ्यावरचा तो अभिमान बघत मला खरं बोलता येणार नाही. ऐन वेळी मी तो वाचवायला जाईन आणि पुन्हा सही करून बसेन, हे मी मला ओळखून आहे. म्हणून तो आधीच, माझ्या हातानं उतरवून ठेवतोय. "आत्ताच कळलं" असं मी तुला म्हणालो ते खोटं होतं. मला अकरा दिवस माहीत होतं. पत्र तुला शुक्रवारी मिळेल, विचार करायला दोन दिवस हातात राहतील. यावंसं वाटलं तर ये, मागे बस, दाराशी बस, मधेच उठून गेलीस तरी चालेल. नाही आलीस तर का नाही आलीस हे मी कधी विचारणार नाही. खुर्ची रिकामी असली तरी मी त्यांना गुरुवारच सांगणार आहे.

जसा आहे तसा, तुझाच,
बाबा